ताटातून काढलं, त्या जागी काय ठेवलं?

कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की कर्नाटक संपतं आणि महाराष्ट्र सुरू होतो. नाक्याच्या अलीकडे, निपाणीकडच्या सरकारी शाळांत, मुलाला आठवड्याचे सहा दिवस उकडलेलं अंडं द्यायची सोय आहे. दोन दिवसांचा खर्च राज्य सरकारचा, चार दिवसांचा अझीम प्रेमजी फाउंडेशनचा. २०२४ मध्ये तसा तीन वर्षांचा करार झाला. नाक्याच्या पलीकडे पोषण आहारातल्या अंड्यासाठी मिळणारा सरकारी पैसा जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतला गेला. शाळेने गावातून वर्गणी काढून अंडी दिली तर चालेल, एवढीच मुभा राहिली. म्हणजे ज्या राज्यात जाण्यासाठी आम्ही सीमाभागातले मराठी लोक दर एक नोव्हेंबरला काळा दिन पाळतो, त्याने पोराच्या ताटातलं अंडं उचललं. आणि ज्याच्या विरोधात पाळतो, त्याने वाढलं. हे लिहिलं की दोन्हीकडचे रागावतात, मला ठाऊक आहे. पण आणखी एक आकडा बघा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये रक्तक्षय असलेली मुलं कर्नाटकात ६५.५ टक्के निघाली, महाराष्ट्रात ६८.९. वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुलं कर्नाटकात ३५.४ टक्के, महाराष्ट्रात ३५.२. रक्त आणि उंचीपुरता सीमाप्रश्न कधीच सुटलेला आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका मराठी शाळेत सुधारणा कमिटीची बैठक झाली. निवृत्त शिक्षिका म्हणून मलाही बोलावणं होतं. विषय एकच, अंडं. एक लिंगायत पालक म्हणाले, "तत्तीचा (म्हणजे अंड्याचा) वाससुद्धा नको आमच्या पोरीला, बाई. रांग वेगळी करा." त्यावर मागून आवाज आला, "मग तुमच्या सोवळ्यापायी आमच्या पोरांनी नुसता सांबार-भात खायचा व्हय?" बेंगळूरहून सुट्टीला आलेला एक तरुण बाप मोबाइल पुढे धरून सांगत होता की दूधसुद्धा हिंसाच आहे आणि अमेरिकेतले तज्ज्ञ लहान मुलांनाही निव्वळ वनस्पतींवर वाढवा म्हणतात. दीड तास हे चाललं. त्या दीड तासात, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आपलं मूल नक्की काय खातं, हे कुणी विचारलं नाही. सांगितलंही नाही.

माझं म्हणणं थोडकं आहे. मुलाच्या ताटातून जो कुणी काही काढतो, मग तो धर्मासाठी काढो, दयेसाठी काढो की बजेटसाठी, त्याने त्या जागी काय ठेवलं ते दाखवावं. दाखवता येत असेल तर खुशाल काढावं, मी त्याच्या बाजूने उभी राहीन. दाखवता येत नसेल तर तो मुलाला शाकाहार देत नाही, फक्त एक रिकामी जागा देतो. आणि हा नियम लिंगायत घराला, जैन घराला, व्हेगन घराला, सरकारला आणि रविवारी मटण आणलं की आपलं भागलं असं समजणाऱ्या मराठा घरालाही सारखाच लागू.

मी तटस्थ नाही, हेही सांगून टाकते. आमचे आप्पा माळकरी होते. पंढरीची माळ गळ्यात पडल्यावर त्यांनी मटणाला हात लावला नाही आणि घरात शिजूही दिलं नाही. मी शाकाहारी वाढले आणि आजही आहे. पण आप्पांनी माळ घातली ती वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, स्वतःच्या मनाने. आमच्या गळ्यात त्यांनी ती घातली नाही, आमच्या ताटात मात्र घातली. हा फरक मला बऱ्याच उशिरा कळला.

आता शाकाहाराच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा आधी मान्य करू. शाकाहारावर मूल उत्तम वाढतं. 'अंडं-मटण नाही तर पोर खुरटणार' असं म्हणणाऱ्यांना आमच्याकडची जुनी स्वयंपाकघरं माहीत नाहीत. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. हुलग्यात, हरभऱ्यात तो भरपूर असतो. भाकरीबरोबर हुलग्याची उसळ किंवा माडगं खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं, आणि ही जोडी जमवायला कुठल्या आजीला प्रयोगशाळा लागली नाही. हुलग्यात शंभर ग्रॅमला बावीसेक ग्रॅम प्रथिनं, शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास. खानापूरकडच्या नाचणीत कॅल्शियम शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे दुधाच्या जवळजवळ तिप्पट. कडधान्याला मोड आणले की त्यातला लोह अडवून धरणारा अंश कमी होतो, वर लिंबू पिळलं की लोह अंगी जास्त लागतं. हे सगळं खरं आहे. फक्त हे ताट आज कुठे आहे? मी शिकवत असताना वर्गात मुलांना 'काल काय खाल्लं' ते वहीत लिहायला सांगायची. सकाळी चहा-बटर. दुपारी शाळेतला भात-सांबार. संध्याकाळी पाच रुपयांचं पाकीट. रात्री भात आणि आमटी, त्या आमटीत डाळ शोधावी लागायची. सकाळचा चहा तर जेवणातलं लोह अडवायलाच बसलेला. एकादशीला घरात साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यातले शेंगदाणे तेवढे लाज राखतात. हे ताट शाकाहारी आहे, यात शंका नाही. पण त्याचा अभिमान कसला धरायचा?

बी-१२ जीवनसत्त्वाजवळ मात्र थोडं थांबायला हवं, कारण इथे सद्भावना चालत नाही. ते ना झाड बनवतं ना प्राणी, ते सूक्ष्मजीव बनवतात. प्राण्यांच्या शरीरात ते साठतं, म्हणून आपल्याला ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळतं. डाळ, भाजी, फळं, बदाम कितीही खा, त्यांतून ते भरवशाने मिळत नाही. गंमत अशी की शाळेतल्या दीडशे मिलिलिटर दुधात जेवढं बी-१२ असतं, जवळपास तेवढंच एका अंड्यात असतं, अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास. मोठ्या माणसाची रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमच्या थोडी वर. म्हणजे एक पेला दुधाने लढाई जिंकत नाही आणि एका अंड्यानेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यात साठ टक्क्यांहून जास्त बायकांत बी-१२ कमी निघालं. ज्या आयांमध्ये ते कमी आणि फोलेट हे दुसरं बी जीवनसत्त्व मात्र भरपूर होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त दिसली. आणि शाळेत आपण मुलांना ज्या गुलाबी-निळ्या गोळ्या वाटतो, त्यांत लोह असतं, फोलिक ॲसिड म्हणजे फोलेटच असतं, बी-१२ नसतं.

त्या खेड्यांतल्या सगळ्या बायका काही माळकरी नव्हत्या. आपल्याकडे 'आम्ही खाणारे' म्हणवणारी घरंसुद्धा मटण खातात ती यल्लम्माच्या जत्रेनंतर, म्हाईला, पाहुणे आले तर. त्यातही वाटणी कशी होते ते घरातल्या बायकांना विचारा. नळी आणि कलेजी कुणाच्या ताटात जाते, आणि लेकरं आवरून शेवटी बसणाऱ्या गरोदर सुनेच्या वाट्याला काय येतं? रस्सा. तेव्हा अंड्याच्या बाजूने तावातावाने बोलणाऱ्यांनीही आपल्या घरातलं पातेलं जरा ढवळून बघावं.

ही उणीव वाढली की काय होतं, त्याचं एक चित्र आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे. बाळ आठ-दहा महिन्यांचं, फक्त आईच्या अंगावर पिणारं, आई शाकाहारी आणि तिच्याही वाट्याला दूध-दही बेताचंच. बाळ हसेनासं होतं. बसायला लागलेलं असेल तर बसणं सोडतं. केस विरळ, भुरकट. बोटांच्या पेरांवर काळपट छटा. मग हातपाय थरथरू लागतात. बी-१२ दिल्यावर काही दिवसांत ते पुन्हा ओळख दाखवू लागतं, पण मागे पडलेली वाढ पूर्ण भरून येईलच असं नाही. दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळण्यात जे आठवडे जातात, ते फार महाग पडतात.

आता तो बेंगळूरचा बाप. त्याला बैठकीत सगळे हसले, मी हसले नाही. त्याचा मुद्दा आम्हा दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांपेक्षा जास्त प्रामाणिक आहे. म्हशीला रेडी झाली तर घरात पेढे, नर रेडकू झालं तर काय होतं? ते आठवड्या-दोन आठवड्यांत 'आपोआप' कसं मरतं, हे गोठा असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे आणि कुणीही बोलत नाही. अंड्याच्या वासाने ज्यांना मळमळतं त्यांना बेळगावच्या कुंद्यातला खवा सोवळा कसा वाटतो, हा प्रश्न त्याने विचारला तर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याने मोबाइलवर जे दाखवलं ते अर्धं होतं. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये 'नीट आखलेला' व्हेगन आहार सर्व वयांना चालतो असं म्हटलं होतं. २०२५ च्या नव्या निवेदनात त्यांनी आपलं म्हणणं प्रौढांपुरतं ठेवलं. जर्मनीच्या पोषण संस्थेने २०१६ मध्ये मुलांना असा आहार देऊ नका असं सांगितलं, २०२४ मध्ये ती 'द्याही म्हणत नाही, नकोही म्हणत नाही' इथवर आली. दोन्ही बाजू आपल्या सोयीचं साल उचलतात. सगळा अर्थ 'नीट आखलेला' या दोन शब्दांत आहे: बी-१२ चे थेंब किंवा गोळी चुकवायची नाही, वजन-उंचीचा तक्ता ठेवायचा, गरज पडली की रक्त तपासायचं. ज्याला हे परवडतं आणि जमतं त्याने करावं. गाडी-पेट्रोलचा हिशेब ठेवणाऱ्याला थेंबांचा ठेवणं जड नाही.

याबाबतीत महात्मा गांधींइतका चांगला साक्षीदार मिळणार नाही, आणि तो बेळगावला येऊन गेलेला आहे. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच अधिवेशनाचे. तेव्हा खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. त्या वेळी गांधीजी शेळीचं दूध घेत होते. दूध त्यांनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सोडलं होतं, आजच्या भाषेत ते व्हेगनच झाले होते. १९१८ मध्ये आमांशाने ते मरणाच्या दारात गेले. डॉक्टर म्हणाले, दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही. कस्तुरबांनी तोड काढली की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं होतं, शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधीजींनी ते घेतलं आणि आपण व्रताचा शब्द राखला, आत्मा मारला, अशी खंत आत्मकथेत नोंदवून ठेवली. त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. आपल्या आधीच्या लिखाणावर विसंबून ज्यांनी दूध सोडलं असेल त्यांनी जाणत्या वैद्याच्या सल्ल्याशिवाय तो प्रयोग रेटू नये, असंही त्यांनी लिहिलं. आपला अनुभव उलट निघाला तर आपल्या अनुयायांना जाहीरपणे थांबवणारा आहारगुरू आज यूट्यूबवर शोधून दाखवा.

शाकाहाराचे कडवे समर्थक इथे गांधीजींच्या मुलाची, मणिलालची गोष्ट काढतील, आणि काढावीच. दहा वर्षांचा मणिलाल मुंबईत विषमज्वराने तापलेला. डॉक्टर अंडं आणि कोंबडीचं सूप द्या म्हणाले. गांधीजींनी नकार दिला, पाण्याच्या घड्या आणि संत्र्याचा रस यांवर मूल जगलं. पण हीच गोष्ट नीट वाचली तर तिच्यात दोन कबुल्या आहेत. डॉक्टरांना ते म्हणाले की मुलगा मोठा असता तर त्यालाच विचारलं असतं, तो लहान आहे म्हणून निर्णय मला घ्यावा लागतोय. आणि मूल वाचलं ते कशामुळे, देवामुळे, पाण्यामुळे की शुश्रूषेमुळे, हे कोण सांगणार, असंही त्यांनीच लिहिलं. 'आमची आजी भाकरी-ताकावर नव्वद वर्षं जगली' असं म्हणणाऱ्यांनी एवढा तरी संशय स्वतःवर घ्यावा. आजी जगली, आजीची किती भावंडं पाळण्यातच गेली, ते तिला विचारलं होतं का?

घरातल्या ताटाचं एवढं पुरे. सरकारी शाळेतल्या पंगतीचा वाद निराळा आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसकट काही मंडळींपुढे चहा आला आणि त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, पेटलं. कपात काय आहे हे कुणी विचारलं नाही, कुणाच्या घरचा हे विचारलं. आजचा अंड्याचा वाद मला तसाच वाटतो. २०२१ मध्ये बिदर, रायचूरपासून विजापूरपर्यंतच्या सात जिल्ह्यांत शाळांत अंडी सुरू झाली तेव्हा काही मठाधीशांनी विरोध केला. दुसऱ्या वर्षी नव्या शैक्षणिक धोरणासाठी लिहिलेल्या एका सरकारी टिपणात तर अंड्याने मुलांना जीवनशैलीचे आजार जडतील, असाही शोध लागला. रक्तक्षयाने पांढरी पडलेली पोरं आणि त्यांना म्हणे जीवनशैलीचे आजार! मठांबद्दल मला आदर आहे. याच मठांच्या बोर्डिंगांत पिढ्यान्‌पिढ्या गरिबांची मुलं फुकट जेवून शिकली. कर्नाटकाच्या माध्यान्ह आहार योजनेचं नावच 'अक्षर दासोह' आहे, शब्द बसवण्णांच्या लिंगायत परंपरेतला, येईल त्याला जेवू घालण्याचा. दासोहात समोर बसलेल्याची भूक बघायची असते ना?

विरोधकांचा सगळ्यात वजनदार प्रश्न असा: शाळा सगळ्यांची आहे, तर तिथे सगळ्यांना चालेल तेच शिजावं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण हे सूत्र पुढे चालवून बघा. लिंगायत म्हणाले, अंडं नको. जैन म्हणाले, कांदा-बटाटाही नको. बेंगळूरचा बाप म्हणाला, दूध नको. सगळ्यांना चालणारं काय उरलं? भात. ज्याच्या घरी गोठ्यात म्हैस आहे त्याचं यात काही जात नाही. ज्याचे आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि ज्याला दिवसातलं धड जेवण शाळेतच मिळतं, त्याचं जातं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांची वेगवेगळी बोर्डिंगं उभी केली, ज्याची त्याची चूल वेगळी ठेवली, कारण स्वयंपाकावरून शिक्षण अडू नये. पुढे कुंभोजला जैन घरात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. या दोघांपैकी एकानेही 'वाद नको म्हणून कमी वाढा' हा तिसरा मार्ग काढला नाही.

दुसरीकडे, अंड्याची बाजू घेणाऱ्या आम्हा शिक्षकांचेही हात स्वच्छ नाहीत. पहिल्या वर्षी मीच एका जैन मुलीला म्हणाले होते, "खा गं, कोण सांगतंय घरी?" तिने मान डोलावली. संध्याकाळी तिच्या दप्तरात, गणिताच्या वहीखाली, न सोललेलं अंडं सापडलं. तिची आई दुसऱ्या दिवशी आली, भांडली नाही, फक्त म्हणाली, "बाई, तुम्हीसुद्धा?" त्या बाईला मी तेव्हा काय उत्तर दिलं ते आठवत नाही. उत्तर नव्हतंच. मुलाला एकीकडे आई आणि एकीकडे बाई अशा कात्रीत धरणं हा काही पोषण आहार नव्हे.

मग त्या मुलीला काय द्यायचं? योजनेत आहे केळं. आता केळ्याचा हिशेब करा: प्रथिनं एक ग्रॅमच्या आसपास, बी-१२ शून्य. अंड्यात प्रथिनं सहा ग्रॅम. केळं चांगलंच फळ आहे, पण ते अंड्याच्या जागी ठेवलेलं नाही, मुलाच्या रिकाम्या हातात ठेवलेलं आहे. त्याऐवजी मूठभर मोडाचे हुलगे किंवा शेंगदाणे, आणि क्षीरभाग्य योजनेतलं दूध अशा मुलांना दीड पेला, एवढं करायला कितीसा पैसा लागतो? अंड्याला विरोध करणाऱ्या संघटनांनी एका तरी निवेदनात ही मागणी केली असती, तर मी पहिली सही केली असती.

त्या दिवशीच्या बैठकीत शेवटी ठराव झाला. अंडी वेगळ्या पातेल्यात उकडायची, पातेल्यावर लाल रंगाने खूण करायची, रांग मात्र एकच. वाईट नव्हता. मी म्हटलं, याखाली एक ओळ वाढवा: अंडं न खाणाऱ्या मुलांना त्याच तोलाचं काय देणार. अध्यक्षांनी घड्याळात पाहिलं, प्रोसिडिंगचं पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "केळं हाय की, बाई."